लघवी गढूळ दिसते? लाजू नका, आधी तपासून घ्या



ताप आला, खोकला झाला तर आपण चारचौघांत सांगतो. लघवीचा त्रास मात्र कोणी सांगत नाही. बाया आईला किंवा जावेला हळूच सांगतात, पुरुष तर कोणालाच सांगत नाहीत. मग कोणी मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो, कोणी एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरचा ‘गुप्तरोगा’चा फोन नंबर फिरवतो, तर कोणी नुसतेच अंगावर काढतो. उंद्री परिसरातल्या वस्त्यांत ‘लघवी गढूळ होते, पांढरट होते’ ही तक्रार काही नवी नाही. बहुतेक वेळा ती साध्या कारणाने होते आणि साध्या उपायाने बरी होते. पण कधी कधी आतल्या मोठ्या आजाराची ती पहिली खूण असते. दोन्हींतला फरक डोळ्यांनी कळत नाही, तपासणीनेच कळतो.

लघवीची किळस किंवा लाज बाळगण्याचे कारण नाही. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या आजाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून नीट निजवले आणि बाकीच्या भिक्खूंना आजाऱ्याची सेवा करण्याची शिकवण दिली. हा वारसा सांगणाऱ्या घरात शरीराचा त्रास लपवावा लागू नये.

लघवी गढूळ का होते?

आपली दोन मूत्रपिंडे म्हणजे किडन्या दिवसरात्र रक्त गाळतात. नको असलेले क्षार आणि जास्तीचे पाणी लघवीवाटे बाहेर जाते. निरोगी माणसाची लघवी फिकट पिवळी आणि आरपार दिसेल इतकी स्वच्छ असते. तिच्यात क्षार, पू, रक्त, अंगावरून जाणारे पांढरे पाणी किंवा चरबी मिसळली की ती गढूळ दिसते. म्हणजे गढूळपणा हा स्वतः आजार नाही, ते लक्षण आहे. म्हणून ‘गढूळ लघवीचे औषध द्या’ असे मागण्यात अर्थ नाही. कशाने गढूळ झाली, ते आधी पाहावे लागते.

१) पाणी कमी पडणे

सर्वात जास्त आढळणारे कारण हेच. सोयाबीनचे निंदण, सोंगणी, कपाशीची वेचणी, वीटभट्टी, बांधकाम अशा कामांत सकाळपासून घाम गाळायचा आणि दिवसभरात दोन-तीन ग्लास पाणी प्यायचे, असे आपल्याकडे चालते. मग लघवी थोडी, हळदीच्या रंगाची, उग्र वासाची आणि गढूळ होते, जळजळही होते. आपल्याकडे याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. एक-दोन दिवस पुरेसे पाणी प्यायल्यावर रंग फिका झाला आणि जळजळ थांबली, तर काळजीचे कारण नाही. थांबली नाही, तर मात्र ती नुसती उन्हाळी नव्हे.

किती पाणी प्यायचे याचा सोपा हिशेब लघवीच्या रंगात आहे. दिवसातून पाच-सहा वेळा फिकट पिवळी लघवी होत असेल तर पाणी पुरेसे आहे. उन्हातल्या कामात तासाला एक-दोन ग्लास पाणी लागते. मात्र हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच पाणी प्यावे.

जेवणानंतरची किंवा भांड्यात थोडा वेळ ठेवलेली लघवी निरोगी माणसाचीही कधी कधी दुधाळ दिसते. तिच्यात फॉस्फेट नावाचे क्षार जमतात. नर्सिंगच्या शिक्षणात आम्हाला याची एक परीक्षा शिकवत. काचेच्या नळीत लघवी घ्यायची, वरचा भाग तापवायचा, गढूळ झाली तर अ‍ॅसेटिक आम्लाचे थेंब टाकायचे. गढूळपणा गेला तर तो फॉस्फेटचा, राहिला तर प्रथिनाचा. आता हे काम रंगीत खुणांची पट्टी दोन मिनिटांत करते. घरी काही तापवत बसू नये, पण सारख्याच दिसणाऱ्या दोन लघव्यांत एक निरोगी आणि एक आजारी असू शकते, एवढे लक्षात ठेवावे.

२) जंतुसंसर्ग

लघवीच्या मार्गात जंतू शिरले की पू तयार होतो आणि लघवी गढूळ, दुर्गंधीयुक्त होते. सारखी लघवीला लागते, थेंब थेंब होते, जळजळते, ओटीपोट दुखते. हे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले असतात. बाईचा मूत्रमार्ग साधारण ४ सेंटीमीटर, पुरुषाचा साधारण २० सेंटीमीटर असतो. बाईमध्ये तो शौचाच्या जागेजवळही असतो. म्हणून हा त्रास बायांना जास्त होतो. यात चारित्र्याचा काही संबंध नाही. नवऱ्याने बायकोवर किंवा सासूने सुनेवर संशय घेण्याचे कारण नाही.

संसर्ग मूत्राशयापुरता असताना योग्य गोळ्यांनी थोड्या दिवसांत बरा होतो. दुर्लक्ष केले तर तो वर किडनीपर्यंत चढतो. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे आणि उलट्या ही त्याची लक्षणे. तेव्हा एक दिवसही थांबू नये.

३) अंगावरून पांढरे जाणे

पुष्कळदा लघवी स्वच्छ असते, पण अंगावरून जाणारे पांढरे पाणी तिच्यात मिसळते आणि लघवीच गढूळ वाटते. पाळीच्या मधल्या दिवसांत थोडा पारदर्शक, वास नसलेला स्राव जाणे नैसर्गिक आहे. पण दह्यासारखा, हिरवट-पिवळा, घाण वासाचा स्राव जाणे, खाज सुटणे ही संसर्गाची लक्षणे आहेत. त्यावर औषध आहे. काही प्रकारांत नवऱ्यालाही सोबतच औषध घ्यावे लागते, नाहीतर आजार पुन्हा फिरून येतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून ‘पिशवी खराब झाली, काढून टाका’ असा सल्ला कोणी दिला तर लगेच हो म्हणू नका. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या महिलांचे सर्वेक्षण झाले. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. साध्या तक्रारी घेऊन गेलेल्या, तरुण वयाच्या बायांनाही शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागल्याचे तेव्हा पुढे आले. लघवीच्या किंवा पांढऱ्या पाण्याच्या संसर्गावर पिशवी काढणे हा उपाय नाही. शस्त्रक्रिया सांगितली तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

४) मूतखडा

क्षारांचे कण एकत्र आले की खडा होतो. कमरेपासून जांघेकडे जाणारी असह्य कळ, मळमळ, लघवी लालसर किंवा गढूळ ही लक्षणे. मुख्य कारण कमी पाणी पिणे. बारीक खडे पाण्याने निघून जातात. हुलग्याचे पाणी, धन्याचे पाणी पिण्यात गैर नाही, त्यामुळे पोटात पाणी जाते. पण मोठा खडा कोणत्याही काढ्याने विरघळत नाही. अडकलेला खडा किडनी निकामी करू शकतो. कळ थांबली म्हणजे खडा गेला असे समजू नये, सोनोग्राफी करावी.

आपल्या जिल्ह्यात घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव भागातल्या अनेक गावांतले भूजल खारट आहे आणि किडनीच्या आजाराने तिथली कितीतरी घरे पोळली आहेत. वर्षानुवर्षे लोकांनी तिथे गोड पाण्याची मागणी केली. उंद्री घाटावर, चिखली तालुक्यात आहे, खारपाणपट्ट्यात नाही. पण आपल्या लेकी घाटाखाली नांदतात, आपले लोक तिकडे मजुरीला जातात. तिकडच्या नातेवाइकांना बोअरचे खारे पाणी पिण्यासाठी टाळायला आणि वर्षातून एकदा किडनीची तपासणी करून घ्यायला सांगा.

५) मधुमेह आणि रक्तदाब

साखर वाढली की लघवीत साखर उतरते. साखरेने लघवी गढूळ होत नाही, पण जंतूंना खाद्य मिळते आणि संसर्ग वारंवार होतो. वर्षातून दोन-तीनदा लघवीचा संसर्ग झाला, तर रक्तातील साखर तपासलीच पाहिजे. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पायांच्या वेदना सोसत त्यांनी अखेरपर्यंत लिखाण केले. या आजाराची लाज कसली? लाज वाटून तपासणी टाळण्यातच नुकसान आहे.

गढूळ आणि फेसाळ लघवी यांत फरक आहे. साबणाच्या पाण्यासारखा फेस येतो आणि पाणी ओतल्यावरही बराच वेळ टिकतो, तेव्हा लघवीतून प्रथिने जात असण्याची शक्यता असते. चेहरा, पाय सुजतात. मधुमेह आणि उच्च रक्तदाबाने किडनी खराब होऊ लागल्याची ती खूण असू शकते. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून लोक फसतात.

६) पुरुषांचे त्रास

‘धातू जातो’ ही भीती कितीतरी तरुणांना पोखरते. शंभर थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब बनतो, ही समजूत साफ खोटी आहे. स्वप्नदोषानंतर किंवा संबंधानंतर पहिल्या लघवीत थोडे वीर्य मिसळून ती गढूळ दिसू शकते. त्याने अशक्तपणा येत नाही. कमी पाण्यानेही लघवी पांढरट दिसते. त्यावर हजारो रुपयांची भस्मे आणि पुड्या विकणारे लोक तुमच्या भीतीवर पैसे कमावतात. पण लघवीच्या जागेतून पू येणे, जखम, आग होणे ही लैंगिक संसर्गाची लक्षणे असू शकतात. त्यावर सरकारी रुग्णालयात गोपनीयपणे उपचार होतात.

पन्नाशीनंतर प्रोस्टेट ग्रंथी वाढते, धार बारीक होते, लघवी पूर्ण होत नाही. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. आजोबा रात्री चार वेळा उठतात, त्याला म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका.

७) दुधासारखी लघवी

पूर्व विदर्भात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हत्तीरोग आहे. डासांमुळे पसरणाऱ्या या आजाराचे जंतू शरीरातील रसवाहिन्यांत अडथळा करतात. तो रस लघवीत उतरला की ती अगदी दुधासारखी दिसते, तेलकट खाल्ल्यावर जास्तच. त्या भागात राहून किंवा कामाला जाऊन आलेल्यांना असे झाले, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.

लघवी तपासायला देताना

चुकीच्या पद्धतीने दिलेल्या नमुन्यावरून चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून एवढे करा.

– दवाखान्यातून मिळालेली स्वच्छ, कोरडी डबी वापरा. औषधाची जुनी बाटली नको.
– जागा साध्या पाण्याने धुवा. पहिली धार सोडून द्या, मधली धार डबीत घ्या.
– पाळी सुरू असेल तर तसे सांगा.
– नमुना तासाभरात पोचवा. उशीर झाला की लघवी आपोआप गढूळ होते.
– गोळी सुरू करण्याआधी नमुना द्या. वारंवार संसर्ग होत असेल तर ‘कल्चर’ तपासणीबद्दल विचारा. त्यात कोणत्या औषधाने जंतू मरतात ते कळते.

रिपोर्ट हातात आला की नुसता घडी घालून ठेवू नका, विचारा. ‘पस सेल्स’ म्हणजे पू. ते पाचपर्यंत असतील तर सहसा काळजी नसते, जास्त असतील तर संसर्गाची शक्यता. ‘अल्ब्युमिन’ म्हणजे प्रथिन, ‘आरबीसी’ म्हणजे रक्त, ‘क्रिस्टल्स’ म्हणजे क्षारांचे कण. ‘एपिथेलियल सेल्स’ खूप असतील, तर नमुना बहुधा नीट घेतला गेला नाही, पुन्हा द्यावा लागेल.

गर्भवती, लहान मुले आणि म्हातारी माणसे

गर्भारपणात काहीही त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात. उपचार झाला नाही तर किडनीला संसर्ग आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. पाच महिन्यांनंतर रक्तदाब वाढून लघवीत प्रथिने आली तर आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. म्हणून प्रत्येक तपासणीत लघवी आणि रक्तदाब बघायचाच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी होते. मेडिकलमधून आणलेली गोळी गर्भवतीला कधीच देऊ नका.

लहान लेकराला कारण नसताना ताप येतो, लघवी करताना ते रडते, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, तेव्हा लघवी तपासा. म्हाताऱ्या माणसांत कधी कधी जळजळ नसते, एकदम बरळणे किंवा सुस्ती हेच लक्षण असते. त्याला बाहेरची बाधा समजून कोणाकडे उतरवायला नेऊ नका.

हे करू नका

– दोन दिवसांत बरे वाटले म्हणून अँटिबायोटिक मध्येच सोडू नका. उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नका. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतात आणि पुढे तेच औषध चालत नाही.
– अंगदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळी घेऊ नका. ऊन, कमी पाणी आणि ही गोळी तिन्ही एकत्र आले की किडनीला इजा होते.
– खायचा सोडा, गोमूत्र, अनोळखी भस्म असले प्रयोग नकोत.
– योनीमार्ग आतून साबण किंवा डेटॉलने धुऊ नका. बाहेरून साधे पाणी पुरे. शौचानंतर पुढून मागे धुवा.

तातडीने कधी जायचे?

थंडी-ताप आणि कमरेत दुखणे, लघवीत रक्त, लघवी पूर्ण बंद, असह्य कळ, उलट्या, अंगावर सूज, गर्भवतीला कोणताही त्रास. यांपैकी काहीही असले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, गरज पडली तर १०८ वर फोन करा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. यात प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये आणि जिल्हा रुग्णालये येतात. आधी आशाताईंना विचारा, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पुढे गरज पडली तर खामगावचे सामान्य रुग्णालय आणि बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय आहे. मूतखड्याच्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

पाणी आणि आडोसा

‘पाणी भरपूर प्या, लघवी रोखू नका’ हे सांगणे सोपे आहे. पण रोजाने कामाला जाणारी बाई पाणी का पीत नाही? कारण शेतात आडोसा नाही. लघवीला जायचे म्हणजे पुरुषांच्या नजरेआड दूर जायचे, मुकादम ओरडतो. म्हणून ती तहान मारते आणि लघवी सात-आठ तास रोखून धरते. शाळेतल्या मुलीही घाणेरड्या संडासामुळे तेच करतात. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. म्हणजे हा आजार बाईच्या निष्काळजीपणाचा नाही, गैरसोयीचा आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला, तो माणूस म्हणून हक्क बजावण्यासाठी. आज तो हक्क वस्तीच्या नळाशी आणि संडासाशी येऊन थांबला आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची स्वतंत्र योजना आहे, त्यात पाणी आणि गटारीची कामे होतात. घरात संडास नसेल तर स्वच्छ भारत मिशनमध्ये १२,००० रुपयांचे अनुदान मिळते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह शाळेला बंधनकारक आहे. ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत हे प्रश्न बायांनी स्वतः विचारावेत. लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

कामावर गटाने जाणाऱ्या बायांनी एक गोष्ट उद्यापासून करता येईल. दोन जुनी लुगडी आणि चार बांबू घेऊन बांधाच्या कोपऱ्यात आडोसा उभा करा, पाण्याची कॅन सोबत ठेवा, आणि दर दोन-तीन तासांनी सगळ्यांनी मिळून सुट्टी घ्या. एकटीला बोलणारा मुकादम दहा जणींना बोलत नाही.